काट्यावर तोललेला मासा

२ जून १९३२. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात त्या दिवशी पाऊस होता आणि शेतात काम करण्याची सोय नव्हती. जॉर्ज पेरी हा विशीतला शेतकरी एका मित्राला घेऊन माँटगोमेरी लेक नावाच्या तळ्यावर गेला. महामंदीचे दिवस होते, त्यामुळे या जाण्यात शौकापेक्षा गरज अधिक होती. त्याच्या गळाला बास जातीचा एक दांडगा मासा लागला. हेलेना गावात तो तोलला तेव्हा वजन भरले २२ पौंड ४ औंस, म्हणजे आपल्या हिशेबात १० किलोंहून थोडे जास्त. ‘फील्ड अँड स्ट्रीम’ हे मासिक त्या काळी मोठ्या माशांची स्पर्धा घेत असे. पेरीने आपल्या माशाची नोंद तिकडे पाठवली आणि ७५ डॉलरचे सामान बक्षीस मिळवले. मासा घरच्यांनी खाऊन टाकला. पेंढा भरून तो भिंतीवर टांगावा असे कुणाच्या मनात आले नाही. त्याला आता नव्वद वर्षे उलटून गेली, तरी ते वजन कुणालाही मागे टाकता आलेले नाही.

गळाने मासा धरण्याची विद्या हजारो वर्षांची आहे. तिची स्पर्धा मात्र काटा आल्यावरच होऊ शकते. कुणाचा मासा मोठा हा वाद पारावर रात्रभर चालतो. काट्यापुढे तो मिनिटभरही टिकत नाही. आणि एकदा तोलायचे ठरले की त्यामागून लबाडी येते, लबाडीमागून नियम येतात, मासा जिवंत ठेवण्याच्या युक्त्या येतात आणि शेवटी विज्ञानही येते. वाशीम जिल्ह्यातल्या आपल्या कारंजा लाडसारख्या बाजारपेठेच्या गावाला हे वेगळे सांगायला नको. इथे तूर आणि सोयाबीन काट्यावर चढते, तेव्हा घरधन्याची नजर पोत्यावर नसते, आकड्यावर असते.

आधी या माशाची ओळख करून देतो. बास, नेमके सांगायचे तर मोठ्या तोंडाचा काळा बास, हा उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातला गोड्या पाण्याचा मासा. हिरवट अंग, कुशीवरून जाणारा काळसर पट्टा आणि डोळ्याच्या मागे जाईल एवढा जबडा. रायगडचा आपला जिताडा व्यापारात ‘सी बास’ म्हणून विकला जातो, पण त्याचे आणि याचे गोत्र वेगळे. बास दबा धरून शिकार करतो. लाकडाच्या ओंडक्याआड किंवा पाणवनस्पतींच्या सावलीत स्थिर राहतो आणि बेडूक, झिंगा, लहान मासा असे काही जवळून गेले की झडप घालतो. भूक नसतानाही तो नुसत्या चिडीने झडप घालतो. गळकऱ्यांना त्याचे वेड लागते ते त्याच्या या स्वभावामुळे. चवीत त्याच्याहून सरस मासे पुष्कळ आहेत.

या वेडाला संघटित रूप दिले रे स्कॉट या माणसाने. अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात तो विमा विकत असे. १९६७ मध्ये मिसिसिपीतल्या एका मोटेलच्या खोलीत पावसाने अडकून पडला असताना, दूरचित्रवाणीवर बास्केटबॉलचा सामना बघता बघता त्याच्या डोक्यात आले, की लोक गोल्फ खेळतात तशी बास धरण्याची स्पर्धा का होऊ नये? त्याच वर्षी जून महिन्यात आर्कान्सातल्या बीव्हर लेकवर त्याने पहिली स्पर्धा भरवली. १३ राज्यांतून १०६ जण आले आणि प्रत्येकाने १०० डॉलर प्रवेश फी भरली. टेनेसीचा स्टॅन स्लोन जिंकला. पुढच्याच वर्षी स्कॉटने बास-प्रेमींची देशव्यापी संघटना काढली आणि १९७१ मध्ये ‘बासमास्टर क्लासिक’ ही अजिंक्यपदाची स्पर्धा सुरू केली. तिची गंमत अशी, की कुठल्या तलावावर जायचे हे स्पर्धकांनाही ठाऊक नव्हते. विमान हवेत गेल्यावर त्यांना सांगण्यात आले, की आपण नेवाडातल्या लेक मीडवर उतरणार आहोत. कुणी आदल्या आठवड्यात जाऊन जागा हेरून ठेवू नये, म्हणून हा बंदोबस्त.

पण या खेळाचा खरा संसार बड्या स्पर्धांत नाही, गावोगावच्या क्लबांत आहे. वीस-तीस सभासद, महिन्यातून एक रविवार, जवळचा एखादा तलाव. सगळे फी भरतात. त्यातला काही भाग पहिल्या तिघांना जातो आणि काही सर्वांत मोठ्या माशासाठी वेगळा काढून ठेवतात. वर्षभर गुण साठत जातात आणि शेवटी वर्षाचा मानकरी ठरतो. पोटासाठी यातले कुणी आलेले नसते. पण पहाटे अंधारात बोटी ओळीने उभ्या असताना ही माणसे ज्या गांभीर्याने एकमेकांच्या रीळांकडे आणि डब्यांकडे बघतात, ते पाहता परीक्षागृहाबाहेरची मुले बरी म्हणावी लागतील.

दिवस साधारण असा जातो. उजाडता उजाडता बोटी क्रमाने सुटतात. एका बोटीत बहुधा दोघे, आणि पुष्कळदा चिठ्ठ्या टाकून जोड्या लावलेल्या, म्हणजे सोबती हाच साक्षीदार होतो. जिवंत आमिष चालत नाही. लाकडी, रबरी किंवा पत्र्याची नकली आमिषेच वापरायची. ठरलेल्या लांबीहून लहान मासा लगेच पाण्यात सोडायचा. उरलेल्यांतले जास्तीत जास्त पाच मासे हिशेबात धरतात, त्यामुळे सहावा मोठा सापडला की आधीच्या पाचांतला सर्वांत लहान सोडून द्यायचा. मासे ठेवायला बोटीतच पाण्याचे हौद असतात. पंपाने त्यांत ताजे पाणी आणि हवा खेळत राहते. दुपारी ठरलेल्या वेळेला काठावर परत यायचे. एक मिनिट उशीर झाला तरी दंड बसतो, फार उशीर झाला तर सगळे वजन बाद.

मग तोलणी. इथली घाई पाहण्यासारखी असते. स्पर्धक पाण्याने भरलेल्या जाड पिशवीत आपले मासे घेऊन रांगेत उभा राहतो. वाटेत हवा सोडणाऱ्या नळ्या लावलेली टाकी असते, तिच्यात पिशवी बुडवून ठेवायची, म्हणजे रांग लांबली तरी मासे गुदमरत नाहीत. पंच हात ओले करूनच माशाला हात लावतो, कारण कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्या जागी बुरशी धरते. संशय असेल तर लांबी मोजायच्या फळीवर मासा आडवा ठेवतात, तोंड एका टोकाला टेकवून शेपूट मिटवतात. मग जाळीच्या टोपलीत ओतून काट्यावर. टोपलीतून पाणी निथळत असते आणि आकडा खालीवर होत असतो. तो स्थिरावला की पंच मोठ्याने वाचतो आणि कारकून लिहून घेतो. काट्यावर येणारा प्रत्येक मासा जिवंत हवा. मेलेला निघाला तर त्याच्यापोटी ठरावीक औंस वजा होतात. तोलून झाले की मासे पुन्हा पाण्यात.

ही शेवटची चाल सुरुवातीपासून नव्हती. पहिल्या काही वर्षांत तोललेले मासे लोक घरी नेत, वाटून टाकत, दोरीला ओवून फोटो काढत. टीका होऊ लागली, आणि स्कॉटलाही कळले की तलावच रिकामा झाला तर स्पर्धा कशाची घ्यायची? १९७२ पासून त्याने ‘मासा मारू नका’ अशी मोहीम चालवली आणि जिवंत माशाला जादा गुण द्यायला सुरुवात केली. दयेपेक्षा धंद्याच्या शहाणपणातून आलेला हा नियम आहे, पण त्यामुळे तो कमी मोलाचा ठरत नाही. कुठलाही कायदा नसताना लाखो माणसांची सवय त्याने बदलली. अर्थात सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असे नाही. उन्हाळ्यात पाणी तापले की त्यातला प्राणवायू घटतो आणि दिवसभर हौदात राहिलेला मासा सोडल्यानंतर एक-दोन दिवसांनी मरतो, तेव्हा बघायला काठावर कुणी नसते. शिवाय तोलणीच्या जागीच शेकडो मासे सोडले, की त्यातले बरेच आपल्या मूळ ठिकाणी परतत नाहीत. म्हणून मोठ्या स्पर्धांत आता सोडण्यासाठी वेगळी नाव असते, ती मासे घेऊन तलावभर फिरते.

लबाडीचे म्हणाल तर तिची परंपराही काट्याइतकीच जुनी. आदल्या रात्री पिंजऱ्यात मासे लपवून ठेवणे हा त्यातला ठरलेला प्रकार. पण ३० सप्टेंबर २०२२ रोजी अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात लेक एरीच्या काठी जे घडले, त्याला तोड नाही. मासा बास नव्हता, वॉलाय होता. पण स्पर्धा याच जातीची. विजेत्या जोडीचे मासे दिसत होते त्या मानाने फारच जड भरले. संचालकाला शंका आली, त्याने सुरी मागवली आणि सर्वांसमोर माशाचे पोट चिरले. आतून शिशाचे गोळे निघाले. शिशाबरोबर दुसऱ्या माशांच्या मांसाचे तुकडेही कोंबलेले होते. बक्षीस होते सुमारे २९ हजार डॉलरचे. जमलेले गळकरी इतके खवळले की त्या दोघांना सांभाळून बाहेर काढावे लागले. पुढच्या वर्षी दोघांनी गुन्हा कबूल केला, दहा दिवसांची कैद भोगली आणि आपली बोटही गमावली. तेव्हापासून पोट चाचपून पाहणे, धातुशोधक फिरवणे अशा खबरदाऱ्या अनेक ठिकाणी वाढल्या. मोठ्या बक्षिसाच्या स्पर्धांत विजेत्याला खोटे पकडणाऱ्या यंत्रासमोर बसवण्याची पद्धत तर आधीपासूनच आहे.

त्या यंत्रासमोर बसलेला सर्वांत प्रसिद्ध माणूस म्हणजे जपानचा मानाबू कुरिता. २ जुलै २००९ रोजी बिवा सरोवरात त्याने धरलेला बास १०.१२ किलोंचा भरला, म्हणजे पेरीच्या माशापेक्षा एका औंसाला काही अंश कमी एवढा जास्त. आंतरराष्ट्रीय नोंदसंस्थेने सहा महिने चौकशी केली, कुरिताची सत्यचाचणी घेतली आणि जानेवारी २०१० मध्ये निकाल दिला, की विक्रम बरोबरीत आहे. नियम असा, की या वजनगटात जुना विक्रम मोडायचा तर किमान दोन औंस जास्त हवेत. एका पावसाळी दिवशी घरी शिजलेल्या माशाला ७७ वर्षांनी जोडीदार मिळाला, पण हरवणारा मिळाला नाही.

कुरिताच्या माशाची दुसरी बाजू याहून चमत्कारिक आहे. बास जपानचा नव्हेच. १९२५ मध्ये एका उद्योगपतीने तो अमेरिकेतून आणून आशी सरोवरात सोडला. तिथून तो देशभर पसरला आणि त्याने स्थानिक मासे फस्त करायला सुरुवात केली. बिवा हे जपानमधले सर्वांत मोठे सरोवर आणि त्याच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारी गावे आहेत. शेवटी तिथल्या शिगा प्रांताने नियम केला: बास धरला तर तो पुन्हा पाण्यात सोडायचा नाही. तसल्या माशांसाठी काठावर पेट्या ठेवल्या, त्यांत मासा टाकून घरी जायचे. म्हणजे अमेरिकेत मासा मेला तर दंड, आणि जपानच्या या सरोवरात मासा सोडणे म्हणजे नियमभंग. मासा तोच, काटा तोच. फरक आहे तो पाण्याच्या मालकीचा आणि माशाच्या मूळ गावाचा. गळाच्या खेळाबद्दल कुणी सरसकट बरे-वाईट बोलू लागले, की मला बिवा सरोवर आठवते.

आपल्याकडे या छंदाला बंगालमध्ये सर्वांत मोठा लोकाश्रय आहे. तिथे तळ्याचा मालक तिकीट लावतो, गळकरी जागा वाटून घेऊन दिवसभर बसतात आणि रोहू-कटल्यांच्या वजनावर बक्षिसे वाटली जातात. महाराष्ट्रात क्लबाच्या चालीची जुनी जागा म्हणजे मुंबईचा पवई तलाव. मुंबईची तहान भागवण्यासाठी १८९१ मध्ये हा तलाव बांधून झाला, पण त्याचे पाणी पिण्याच्या कामी फार दिवस आले नाही. मग तो गळकऱ्यांच्या वाट्याला आला. महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही संस्था कित्येक दशके याच तलावाकाठी नांदते आहे. सभासदांनी गळ टाकायचा, तलावात मासे सोडायचे आणि जलपर्णी व सांडपाण्याविरुद्ध महापालिकेच्या मागे लागायचे, असा तिचा प्रपंच. त्याच पाण्यात मगरीही आहेत, हे तिथल्या गळकऱ्यांना नव्याने सांगावे लागत नाही.

महाराष्ट्राने या खेळाला दिलेली मोठी देणगी लोणावळ्याची. महासीर हा भारतीय गळकऱ्यांचा राजा. त्यातली दख्खनी जात कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्याच्या मुळा-मुठेतून घेऊन १८३९ मध्ये शास्त्रीय जगापुढे मांडली. धरणे बांधली गेली, नद्या बिघडल्या आणि ही जात घटू लागली. तेव्हा टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या सुमारास लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी महासीरचे बीजकेंद्र उभारले. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि शशांक ओगले यांनी तिथे या माशाची अंडी काढून, फलित करून, पिल्ले वाढवण्याचे तंत्र बसवले. लाखो बोटुकल्या तिथून देशभरच्या पाण्यात गेल्या. त्यातल्या काही कर्नाटकात कावेरीतही सोडल्या गेल्या, आणि इथून कथा वेगळे वळण घेते.

कावेरीच्या खोऱ्यात वेगळा महासीर आहे, पाठीवर उंचवटा असलेला. याच्याच कुळातला १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा मासा १९४६ मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इन्जेन घराण्यातल्या एकाने काबिनी नदीत गळाने धरला होता. पुढे कावेरीवर गळकऱ्यांचे तळ उभे राहिले. धरायचे, तोलायचे, वहीत लिहायचे आणि सोडायचे, ही तिथली शिस्त. १९९८ ते २०१२ या काळातल्या गालिबोरेच्या तळावरच्या नोंदी शास्त्रज्ञांनी एकत्र मांडल्या, तेव्हा गळाला लागणाऱ्या माशांची संख्या वाढत गेलेली दिसली आणि सरासरी वजन उतरत गेलेले. सोडलेल्या दख्खनी महासीरांनी नदी भरून गेली होती आणि उंच पाठीचा मूळ मासा दिसेनासा झाला होता. २०१५ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. तोवर त्या माशाला पक्के शास्त्रीय नावही ठरलेले नव्हते. २०१८ मध्ये ते ठरले आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून जाहीर झाला. हा धोका सरकारी पाहणीत सापडला नाही, शौकिनांच्या वजनाच्या वहीत सापडला. वही लिहिणाऱ्यांना आपण काय लिहून ठेवतो आहोत याची कल्पनाही नसावी. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली अभयारण्यात गळ टाकणे ही शिकारच, असा अर्थ लागल्यावर ते तळ बंद झाले आणि वहीही बंद झाली.

मासा न मारण्याची आपली जुनी रीत तोलण्यातून आलेली नाही, देवापोटी आलेली आहे. महाडजवळ वाळण कोंडीच्या डोहात आणि वाडा तालुक्यात तिळसे इथे वैतरणेत देवाचे मासे आहेत. भाविक त्यांना कुरमुरे टाकतात, गळ कुणी टाकत नाही. माणूस दिसला की हातभर लांबीचे महासीर काठाशी गोळा होतात. तोलले नाहीत म्हणून त्यांचे वजन कुणाला ठाऊक नाही आणि कुणाचे त्यावाचून अडतही नाही.

आता कारंज्याकडे येऊ. नृसिंह सरस्वतींचे जन्मगाव, काष्ठासंघ आणि सेनगण परंपरांच्या जैन मंदिरांचे गाव, सोहोळच्या काळविटांचे गाव. पाण्यासाठी मात्र त्याची ख्याती नाही. गावात ऋषी तलाव आहे, करंज ऋषींच्या कथेतला. बाहेर अडाण नदीवर सुमारे ३० मीटर उंचीचे मातीचे धरण आहे, १९७० च्या दशकातले. अडाण पुढे यवतमाळ जिल्ह्यातून जाऊन पैनगंगेला मिळते. वाशीम जिल्ह्यात मासा म्हणजे बहुतेक धरणाचा मासा: कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस, गवत्या, चंदेरा. यातले रोहू-मृगळ मूळचे उत्तरेकडच्या गंगेच्या खोऱ्यातले, सायप्रिनस, गवत्या आणि चंदेरा परदेशातले. ते आपोआप आलेले नाहीत. मत्स्यव्यवसाय विभाग तलावाचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेला देतो, आणि संस्था दर पावसाळ्यात बोटुकली विकत घेऊन पाण्यात सोडते. पाच-सहा महिन्यांनी भोई बांधव थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळे टाकतात, आणि त्या जाळ्यात जे येईल त्यावर घर चालते.

म्हणून अडाणवर उद्या कुणी क्लब काढायचा म्हटले, तर पहिला सवाल गळाचा नाही, परवानगीचा आहे. तिथला कटला सार्वजनिक वाटतो, पण त्याच्यावर संस्थेचे पैसे लागलेले असतात. स्पर्धेचा मासा सोडून देणे इथे दया नव्हे, दुसऱ्याचा माल जागेवर ठेवणे आहे. प्रवेश फीतला ठरलेला वाटा संस्थेला, पंच आणि नावाडी संस्थेचेच, सोडताना मेलेल्या माशाची बाजारभावाने भरपाई. एवढे लिहून घेतले तर भांडण उरणार नाही. सोहोळसारख्या अभयारण्याच्या हद्दीतल्या पाण्याचा प्रश्नच नाही. तिथे गळ नेणे म्हणजे थेट गुन्हा. एक अपवादही आधीच लिहून ठेवावा: बंदी असलेला थाई मांगूर गळाला लागला, तर तो कोणत्याही परिस्थितीत परत सोडायचा नाही. तिथे बिवाचा नियम लागू.

पण कटला-रोहू हे बासचे जोडीदार नव्हेत. ते कणकेच्या गोळीवर येतात, शांतपणे. बासची झडप हवी असेल तर आपल्याकडे मरळ आहे, आणि या लेखातले खरे नवल मला तीच वाटते.

मरळ लांबट असते, दंडगोल, डोके सापासारखे चपटे, तोंड दातांनी भरलेले. कल्ल्यांच्या वर तिला हवेचा कप्पा असतो, त्यामुळे तिला वर येऊन हवा प्यावीच लागते. जाळ्यात अडकून पृष्ठभागावर येता आले नाही, तर ती पाण्यात असूनही गुदमरून मरते. उलट पाण्याबाहेर, अंग ओले राहिले तर तासन्‌तास जगते. बाजारात ती बादलीत जिवंत विकली जाते आणि म्हणूनच भाव खाते. सकाळच्या वेळी शेवाळलेल्या, पानांनी झाकलेल्या तळ्याकाठी उभे राहा. पानांच्या फटीत एक तोंड क्षणभर वर येते, ‘गपकन’ आवाज होतो, दोन बुडबुडे उरतात. गळकरी तेवढ्यावरून जागा धरतो. रबराचा पोकळ बेडूक, आकडे पोटाशी दडवलेले, शेवाळावर टाकायचा आणि थांबत थांबत ओढायचा. पान हलते. मग खालून शेवाळ फोडून ती उसळते आणि बेडूक नाहीसा होतो. इथे नवखा हमखास चुकतो, लगेच हिसका देतो आणि बेडूक मोकळाच हातात येतो. मरळीला तो तोंडात नीट घेऊ द्यायचा, ती खाली वळली की मग ताण द्यायचा. हा रबरी बेडूक मूळचा अमेरिकेत बाससाठी घडवलेला. आशियात त्याला बासइतकेच चांगले गिऱ्हाईक मिळाले.

तेलंगणाने मरळीला आपला राज्यमासा केले आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये तो मान पापलेटला दिला. घोषणा करणारे तेव्हाचे मत्स्यव्यवसाय मंत्री सुधीर मुनगंटीवार चंद्रपूरचे, समुद्रापासून शेकडो कोसांवरचे, ही त्यातली मौज. वऱ्हाड-झाडीपट्टीतून मतदान घेतले असते, तर पापलेटला अनामतही वाचवता आली नसती.

मरळीचे भाऊबंद अमेरिकेतही पोचले आहेत. २००२ मध्ये मेरीलँडमधल्या क्रॉफ्टन गावच्या तळ्यात चिनी जातीची मरळ सापडली, तेव्हा वर्तमानपत्रांनी राक्षस आल्यासारखा गहजब केला आणि सरकारने ते तळे औषध टाकून साफ केले. त्याच्याही आधी, २००० मध्ये, फ्लोरिडाच्या कालव्यांत आपल्या मोठ्या मरळीच्या जवळच्या नात्यातली आशियाई मरळ आढळली होती. ती आता तिथे चांगली रुळली आहे. तिथल्या सरकारला ती नको आहे, पण बास धरणारे गळकरी तोच रबरी बेडूक घेऊन आता तिच्याही मागे लागतात. बास जपानला गेला आणि गुन्हेगार ठरला. मरळ अमेरिकेत गेली आणि तीही.

बास आणि मरळ यांत एक साम्य आहे, आणि स्पर्धेची तारीख ठरवताना सर्वांत आधी तेच पाहावे लागते. दोघेही आपल्या पिल्लांची राखण करतात. वसंतात नर बास उथळ पाण्यात शेपटीने खळगा करून अंड्यांवर पहारा देतो. जवळ येणाऱ्या कशावरही तो तुटून पडतो, म्हणून त्या दिवसांत त्याला धरणे फार सोपे. पण त्याला काही मिनिटांसाठी जरी वर उचलले, तरी तेवढ्यात बाकीचे मासे येऊन अंडी फस्त करतात. मासा सोडला, वजन नोंदले, नियम पाळला. घरटे मात्र गेले. उत्तर अमेरिकेत काही ठिकाणी या हंगामात बासची मासेमारी बंदच ठेवतात.

मरळीचा हा काळ पावसाळ्यात येतो. उथळ काठावर गवत बाजूला सारून ती अंडी घालते. पिल्ले बाहेर पडली की ती लालसर-नारिंगी असतात आणि शेकडोंच्या झुंडीने पृष्ठभागाशी वळवळतात. खालून नर-मादी सोबत असतात. झुंडीजवळ बेडूक टाकला की हल्ला झालाच म्हणून समजा. अनेक गळकरी याच झुंडी शोधत फिरतात, कारण मासा हमखास लागतो. अडाणच्या काठी कधी काटा टांगला गेला, तर तो दिवाळीनंतरच टांगावा, पाणी निवळल्यावर आणि पिल्ले आपापल्या वाटेला लागल्यावर. आणि नियमांच्या कागदावर वजन-लांबीच्या आधी एक ओळ असावी: पिल्लांच्या झुंडीवर टाकलेल्या गळाचा मासा तोलला जाणार नाही. ही ओळ पाळली गेली की नाही हे काट्यावर कधीच कळणार नाही. ते कळेल फक्त बोटीतल्या सोबत्याला.